देवदूताचं अंडं : प्रस्तावना

मामोरु ओशी यांचा ‘तेन्शी नो तामागो’ हा ॲनिमेशनपट १९८५ च्या डिसेंबरात जपानमध्ये आला. जपानबाहेर तो ‘एंजल्स एग’ या नावानं ओळखला जातो. लांबी अवघी ७१ मिनिटं. पात्रं म्हणावीत अशी दोनच: पांढऱ्या केसांची एक लहान मुलगी आणि खांद्यावर क्रूसाच्या आकाराचं हत्यार टाकलेला एक तरुण. दोघांनाही नाव नाही. ‘तू कोण?’ असं ती एकमेकांना विचारतात आणि उत्तर कोणीच देत नाही. मुलीकडे एक भलंमोठं अंडं आहे. ते झग्याखाली पोटाशी धरून ती एका ओसाड, ओल्या शहरातून हिंडत असते. तरुण तिच्या मागे मागे येतो, तिची सोबत करतो, आणि एका रात्री ती झोपलेली असताना अंडं फोडून निघून जातो. कथा म्हणून सांगायची तर एवढीच.

एवढ्याशा ऐवजावर गेली चाळीस वर्षं तर्क लढवले जात आहेत. अंडं म्हणजे श्रद्धा, अंडं म्हणजे गर्भ, अंडं म्हणजे बालपण. तरुण म्हणजे ख्रिस्त, नाहीतर सैतान, नाहीतर विज्ञान. पाणी म्हणजे काळ किंवा मृत्यू, जे हवं ते. शाळेत कवितेखाली ‘येथे दिवा कशाचे प्रतीक आहे?’ असा दोन मार्कांचा प्रश्न यायचा, आणि एका शब्दात उत्तर लिहून आपण पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. ती सवय मोठेपणीही सुटत नाही. गंमत अशी की ‘एंजल्स एग’ला असे प्रश्न विचारले, तर तो प्रत्येक उत्तराला मान डोलावतो. सगळीच उत्तरं बरोबर ठरू लागली की त्यांतलं एकही कामाचं राहत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या चित्रपटात प्रतीकं आहेत, भरपूर आहेत आणि त्यांतली बरीचशी थेट बायबलमधून उचललेली आहेत. पण कुठली वस्तू कशाच्या जागी उभी आहे, या शोधातून फारसं हाती लागत नाही. पात्रं त्या वस्तूचं काय करतात, हे बघावं. अंडं जपणं, पोटाशी धरून चालणं, परक्याच्या हाती लागलं की घाबरणं, न उघडता वाट बघणं, आणि फोडणं. ही क्रियापदं नीट पाहिली की नामांची काळजी बरीचशी मिटते. पुढची प्रकरणं या वाटेनं जातात.

चित्रपट आला कुठून, हे थोडक्यात. ओशी नावारूपाला आले ते ‘उरुसेई यात्सुरा’ या रुमिको ताकाहाशींच्या कॉमिकवरच्या विनोदी मालिकेमुळे. १९८४ साली त्याच मालिकेवरचा ‘ब्यूटिफुल ड्रीमर’ त्यांनी केला. त्यात शाळेच्या उत्सवाचा आदला दिवस पुन्हा पुन्हा उजाडत राहतो, आणि आपण कोणाच्या तरी स्वप्नात अडकलो आहोत हे पात्रांना हळूहळू उमगतं. विनोदी मालिकेच्या चाहत्यांसाठी हा घास जरा मोठाच होता. त्यानंतर ओशींनी मालिका सोडली. हायाओ मियाझाकी यांच्या शिफारशीनं त्यांच्याकडे ‘ल्युपिन’ या लोकप्रिय चोराचा चित्रपट आला. ल्युपिन दर चित्रपटात काहीतरी मौल्यवान पळवतो. ओशींनी त्याच्यासाठी वस्तू निवडली ती देवदूताचा जीवाश्म! निर्मात्यांना हे मानवलं नाही आणि तो बेत बारगळला. जीवाश्म मात्र ओशींच्या डोक्यातून गेला नाही. ‘एंजल्स एग’मध्ये मुलगी तरुणाला हात धरून आत नेते आणि भिंतीत रुतलेला पंखांचा प्रचंड सांगाडा दाखवते, तो हाच.

प्रतीकांच्या मागे लागलेल्यांनी हा तपशील गाठीला बांधावा. ज्या सांगाड्यावर धर्मशास्त्राचे निबंध लिहिले गेले, तो मुळात एका धमाल चोरीपटातला चोरीचा माल होता. म्हणून तो पोकळ ठरतो असं मी म्हणत नाही. एखादी प्रतिमा कलावंताला सुचते एका कारणानं आणि कामाला येते दुसऱ्याच कारणानं. तिचा अर्थ ती शेवटी जिथे बसली तिथे शोधायचा असतो, जिथून निघाली तिथे नाही.

पैसा तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेचा होता. ‘ॲनिमेज’ हे मासिक याच संस्थेचं, आणि आदल्याच वर्षी मियाझाकींच्या ‘नाउसिका’मागेही तीच उभी होती. ॲनिमेशनचं काम स्टुडिओ दीननं केलं. चित्रपट काढला तो मुख्यतः व्हिडिओ कॅसेटवर विकण्यासाठी. हा बाजार तेव्हा नवा होता, आणि त्याची सुरुवात ज्या ‘डालोस’पासून धरतात तोही १९८३ साली ओशींनीच केलेला. टीव्हीवाल्यांची कात्री नाही, खेळण्यांच्या जाहिरातदारांचा दबाव नाही. या मोकळेपणाचा इतका पुरेपूर फायदा क्वचितच कोणी घेतला असेल. चित्रपट चालला नाही, हेही सांगायला हवं. पुढची काही वर्षं ओशींना मनाजोगतं काम मिळालं नाही.

दुसरा जनक योशिताका आमानो. पंधराव्या वर्षी तात्सुनोको स्टुडिओत लागलेला हा मुलगा टीव्हीच्या नायकांची चित्रं काढत मोठा झाला. १९८२ मध्ये तिथून बाहेर पडून पुस्तकांसाठी चित्रं काढू लागला. ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेममुळे पुढे तो जगभर पोचला. आमानोंची रेषा केसासारखी बारीक, थरथरती, शाईच्या डागांत विरघळणारी. अशी रेषा कागदावर शोभते, पण सेकंदाला अनेक चित्रं काढून ती हलवायची म्हटलं की ॲनिमेटरांचा जीव जातो. इथे ती हलते. मुलीचे केस वाऱ्यावर उडतात तेव्हा प्रत्येक बट वेगळी होऊन पुन्हा मिसळते. शिचिरो कोबायाशी यांच्या पार्श्वभूमीतल्या दगडी भिंती, गल्ल्या आणि जिने मात्र जड, काळपट आणि निश्चल. हलतं ते फिकट आणि नाजूक, स्थिर ते दगडी. प्रतीकांचा कोश उघडण्याआधी हा विरोध डोळ्यांत भरतो, आणि भरायला हवा. कारण या जगात जे थांबतं ते दगड होतं.

आता मासे. चित्रपटाच्या मध्यावर शहराच्या चौकांत, गल्ल्यांत पुरुष उभे दिसतात. हातांत भाले, अंग ताठ, जणू पुतळेच. तेवढ्यात भिंतीवरून एक अजस्र सावली सरकते: माशाची. तिच्यामागे दुसरी, तिसरी. घरांच्या दर्शनी भागांवरून, रस्त्याच्या फरसबंदीवरून सावल्या पोहत जातात. पुतळे जिवंत होतात, धावतात, भाले फेकतात. भाला भिंतीत घुसतो, खिडकी फुटते, सावली तशीच पुढे जाते. मासा कुठेच नाही, आहे ती फक्त सावली. पार्श्वभूमीला योशिहिरो कान्नो यांचं संगीत आणि कोरसचे स्वर इतके भारदस्त की एखादं महायुद्ध चाललं आहे असं वाटावं. आणि कोणाच्याच हाती काही लागत नाही.

माशांचा आकार सीलाकँथचा आहे. डायनासोरांबरोबरच हा मासा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला असं शास्त्रज्ञ धरून चालले होते, आणि १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो चक्क जाळ्यात सापडला. शिवाय मासा ही सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची खूण. हे दोन्ही धागे जोडून झटपट अर्थ लावता येतो: मेलेल्या धर्माच्या सावलीमागे धावणारी माणसं. चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्या दृश्यात मुलगी काय म्हणते ते ऐका. मासे कुठेच नाहीत, तरी ही माणसं त्यांच्या मागे धावतात, हे ती सांगते. तिला ते स्वच्छ दिसतं. आणि हे बोलताना तिच्या पोटाशी असतं ते अंडं, ज्याच्या आत काय आहे ते तिनंही कधी पाहिलेलं नाही. दुसऱ्याचा भ्रम ओळखणारी ही मुलगी स्वतःच्या ओझ्याबद्दल एकही शंका घेत नाही. ओशी यावर कुठलीच टिप्पणी करत नाहीत, दोन्ही गोष्टी फक्त शेजारी ठेवतात. माझ्या मते चित्रपटाचा गाभा इथे आहे, आणि मासा कशाचं प्रतीक हे ठरवलं नाही तरी तो हाती लागतो.

दुसरं महत्त्वाचं स्थळ म्हणजे नोहाची गोष्ट. इतका वेळ मोजकं बोलणारा तरुण अचानक बराच वेळ बोलतो. ‘उत्पत्ती’च्या पुस्तकातला जलप्रलय तो जवळजवळ शब्दशः सांगतो: पाऊस, तारू, बुडालेलं जग, पाणी ओसरलं का ते पाहायला सोडलेला पक्षी. आणि मग गोष्ट हळूच वळण घेते. पक्षी परत आला नाही. तारवावरचे लोक वाट पाहत राहिले, थकले, पुढे पक्षी सोडल्याचंच विसरले. पाण्याखाली एक जग बुडालं आहे, आपण कुठून निघालो, हेही विसरले. जनावरांचे दगड झाले.

इथे मूळ ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याची गरज आहे. बायबलमध्ये नोहा आधी कावळा सोडतो, मग कबुतर. कबुतर पहिल्यांदा तसंच परत येतं, दुसऱ्यांदा जैतुनाचं पान चोचीत घेऊन येतं, आणि तिसऱ्यांदा परतच येत नाही. तिथे न परतणं ही आनंदाची बातमी आहे: पाखराला बसायला जमीन मिळाली. ओशींनी घटना तीच ठेवली आणि तिचा सूर उलटा केला. न परतलेला पक्षी इथे अनिश्चितता बनतो. तो पोचला की बुडाला, हे तारवावरच्यांना कसं कळणार? इतकंच नव्हे, आपण दोघं कोणा गेलेल्या माणसाच्या आठवणीत असू, किंवा कोणीच नसू आणि बाहेर नुसता पाऊस पडत असेल, असं म्हणण्यापर्यंत तरुण जातो. आणि मुलगी जपते आहे ते अंडं पक्ष्याचं आहे. म्हणजे एका बाजूला न परतलेला पक्षी, दुसऱ्या बाजूला अजून न जन्मलेला. मधल्या काळात ती दोघं बसली आहेत.

तिसरं स्थळ अंडं फुटण्याच्या आधीचं. मुलगी बिछान्यात झोपलेली, शेकोटी जळते आहे, तरुण बसून आहे. बाहेर पावसानं शहर बुडत चाललं आहे. कॅमेरा हलत नाही, माणसं हलत नाहीत, फक्त आग मंदावत जाते. मिनिटभराहून जास्त वेळ चौकट अशीच राहते. ॲनिमेशनमध्ये स्थिर चित्र हा खर्च वाचवण्याचा जुना उपाय, त्यामुळे इथे पैसे संपले असावेत असं म्हणणारेही भेटतात. चित्रपटाच्या इतर भागांत केसांच्या बटांवर केलेली मेहनत पाहिली की ते पटत नाही. ओशींना आपल्याला त्या खोलीत बसवून ठेवायचं आहे. तरुण विचार करतो आहे की झोपला आहे? फोडणार, की सकाळ होऊ देणार? अंड्यात काय आहे ते फोडल्याशिवाय कळणार नाही, असं तो आधी मुलीला म्हणून चुकला आहे. त्या मिनिटात, खरं सांगायचं तर, बघणाऱ्यालाही अंडं फोडून हवं असतं. चाळीस वर्षं ‘आत काय आहे?’ विचारणारे आपण सगळे त्या तरुणाच्याच बाजूला बसलेलो असतो.

फुटल्यावर दिसतात ते कवचाचे तुकडे. आत काही होतं का, काही निसटून गेलं का, चित्रपट सांगत नाही. मुलगी किंचाळते, धावते, दरीतल्या पाण्यात कोसळते. पाण्यात तिला स्वतःचंच मोठ्या वयातलं रूप भेटतं, आणि तिच्या शेवटच्या श्वासाचे बुडबुडे वर येताना अंडी होतात, एक नाही, कितीतरी. श्रद्धाळू वाचक इथे पुनरुत्थान वाचतो, अश्रद्ध वाचक म्हणतो की भ्रम मेला नाही, फक्त वाढला. दोघांनाही पुरावा मिळतो.

सगळंच सारखं उतरलं आहे असं मी म्हणणार नाही. आरंभी आकाशातून उतरणारा आणि अखेरीस समुद्रातून वर जाणारा डोळ्यासारखा विराट गोल, त्यावर रांगांनी बसलेले पुतळे, शिट्ट्यांचा कल्लोळ: इथे सजावट चित्रपटाच्या डोक्यावर बसते. त्या पुतळ्यांत अंडं घेतलेली मुलगी दिसते, तेव्हाही मी हेलावत नाही. त्यापेक्षा अगदी शेवटचा कॅमेरा कितीतरी थोर. तो वर वर जात राहतो आणि आपण इतका वेळ जी जमीन समजत होतो, ती अथांग पाण्यात उलटून पडलेल्या नौकेच्या तळासारखी दिसू लागते. तरुणानं सांगितलेली गोष्ट गोष्ट नव्हतीच. ती दोघं त्याच विसरलेल्या तारवावर होती.

आता चरित्राच्या किल्लीबद्दल. तरुणपणी ओशी ख्रिस्ती धर्माकडे ओढले गेले होते, पुढे त्यांची श्रद्धा गेली, आणि हा चित्रपट त्या तुटण्याची कबुली आहे, असं सूत्र पुष्कळ लेखांत आढळतं. सूत्र सोयीचं आहे, म्हणूनच मी त्यापासून लांब राहिलो आहे. बायबलचा अभ्यास चित्रपटात जागोजागी दिसतो, तो मान्य. पण अंडं पोटाशी धरलेली मुलगी जितकी ओशींची तितकीच आमानोंची, आणि आमानोंच्या श्रद्धेचा हिशोब कोणी मांडत नाही. शिवाय जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या एखादा टक्का. तिथल्या चित्रकारांना क्रूस, देवदूत, प्रलय हे दूरदेशीचं, देखणं सामान म्हणूनही हाताशी असतं. ‘इव्हान्जेलियन’च्या सहदिग्दर्शकानं तर क्रूस आणि देवदूतांचा वापर मालिका वेगळी दिसावी म्हणून केल्याचं उघड सांगितलं होतं. ओशी इतके हलके नाहीत, पण त्यांची प्रत्येक खूण कबुलीजबाब समजणं हीसुद्धा घाईच.

याच दिग्दर्शकाला प्रतीकांचं कुलूप-किल्लीचं काम उत्तम जमतं, याचा पुरावा १९८९ च्या ‘पॅटलेबर’मध्ये आहे. तिथे पुन्हा तारू आहे: समुद्रातल्या एका अवाढव्य कारखान्याला तेच नाव दिलं आहे. बाबेल आहे. गुन्हेगाराचं नाव जपानी उच्चारात यहोवाची आठवण करून देणारं. त्याची ओळखपट्टी पायाला बांधलेला पक्षीही आहे. फरक एवढाच की तो पोलीसपट आहे. प्रत्येक खूण हा धागादोरा, आणि पोलीस तो सोडवतात तेव्हा संकट टळतं. सहा वर्षांनी आलेल्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये भिंतीवर कोरलेला जीवनवृक्ष गोळ्यांनी चाळण होत जातो, तोही एका वाचनात कळतो. ‘एंजल्स एग’मध्ये उत्तर ठेवायचं नाही, हे ओशींनी ठरवून केलं. जमत नव्हतं म्हणून नव्हे.

उत्तर घातलं तर काय होतं तेही पाहायला मिळतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीला एका अमेरिकी कंपनीनं या चित्रपटाचे तुकडे घेतले, त्यांत गॅसमास्क घातलेल्या खऱ्या नटांची प्रलयोत्तर कहाणी मिसळली, भरपूर संवाद घातले आणि ‘इन द आफ्टरमाथ’ नावानं विकलं. तिथे अंडं काय करतं, कशासाठी आहे, सगळं समजावून सांगितलेलं आहे. पाहून झाल्यावर लक्षात राहतं ते न समजावलेलंच.

मराठी वाचकासाठी एक सावधगिरी. प्रलय आणि मासा म्हटलं की आपल्याला शतपथ ब्राह्मणातला मनू आठवतो, अंडं म्हटलं की हिरण्यगर्भ. ही आठवण होणारच, होऊ द्यावी. फक्त साम्य दिसलं म्हणून ओशींनी तिथून घेतलं असं समजू नये. तसा कुठलाही धागा चित्रपटात नाही. रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीचा प्रभाव मात्र खरा आहे, ओशींनी तो लपवलेला नाही. तरी तिथेही तारखा तपासाव्यात: ‘एंजल्स एग’मध्ये दिसणारं झाड तार्कोव्हस्कीच्या ‘सॅक्रिफाइस’वरून आलं असं कोणी सांगितलं तर तो चित्रपट १९८६ चा, म्हणजे नंतरचा, हे ध्यानात असू द्यावं.

बरीच वर्षं हा चित्रपट धूसर, कितव्या तरी नकलेतच बघावा लागे. २०२५ मध्ये त्याची नव्यानं स्वच्छ केलेली ४के प्रत तयार झाली आणि कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखवली गेली. काळ्या रंगाच्या किती छटा यात आहेत, ते आता कुठे नीट दिसतं.

पुढची प्रकरणं दृश्यांच्या क्रमानं लावली आहेत, कारण अर्थ घडतो तोही त्याच क्रमानं. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुस्तक इथेच बाजूला ठेवावं. कथा मी वर सांगून टाकली आहे, त्यानं काही बिघडत नाही. मोबाइलवर बघू नका, खोलीत अंधार करा, आवाज मोठा ठेवा. शेकोटीच्या त्या दृश्यात पुढे सरकवायला बोट जाईल, सरकवू नका.